आत्याबाईंची गुटी

माझी मुलगी जन्मली त्या पंधरवड्यात आमच्या घरी जो येई तो पाळण्यात डोकावून एकच शब्द बोलायचा. गुणी. "काय गुणी पोर हाय गो, हूं का चूं नाय." मग कानशिलावर बोटं मोडायची, चहा प्यायचा, माझ्या नाकाडोळ्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि जायचं. त्या बायकांनी स्वतः चार-चार, पाच-पाच पोरं वाढवली होती. त्यांतल्या एकीलाही प्रश्न पडला नाही, की जन्मून आठवडा न झालेलं पोर रडत का नाही. मला त्यांचा राग कधी आला नाही. राग येण्याइतकी किंमत मी त्यांना दिली नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं सासर आटगाव स्टेशनपासून थोडं आत, आणि माहेर मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. पण मला आठवा महिना सरत आलेला असताना आई शेताच्या बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. मांडीपर्यंत प्लास्टर. तिथं वहिनी होती, पण नवी, बाळंतपणातलं काही न कळणारी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तेव्हा बाळंतपण करणार कोण, असा प्रश्न निघाला आणि तो पुरता निघायच्या आत सासऱ्यांनी उत्तर देऊन टाकलं. "आक्का येईल."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या नवऱ्याची आत्या. कसाऱ्याला राहायची, यजमान रेल्वेतून रिटायर झालेले. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो. आमच्या घरात आत्याबाईंचा दरारा असा, की त्या येणार म्हटल्यावर सासरे विडी ओढायला परसात जायचे. घरातलं प्रत्येक पोर त्यांच्या मांडीवर न्हालेलं होतं, आणि ते त्या लढाई जिंकून आल्यासारखं सांगायच्या. किती पोरं जगली ते सांगायच्या. किती गेली ते सांगत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ती देवाची व्हती." म्हणजे जगली ती आत्याबाईंमुळे, गेली ती देवामुळे.

त्या आल्या त्या एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत दोन लुगडी, आणि बाकी सगळी गुटीची तयारी: सहाण, मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, हळकुंड, खारका, आणि फडक्यात बांधलेली जायफळं.

मुलगी दिवस भरायच्या थोडी आधीच झाली, शहापूरच्या एका दवाखान्यात. गणपती जाऊन काही दिवस झाले होते. वजनाला हलकी, पण हातपाय नीट, नाकडोळे नीट. तिथल्या नर्सनं लगेच तिला माझ्या छातीशी धरलं, तेव्हा आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. "तो चीक जड असतो. काढून टाकायचा असतो." नर्स ऐकणारी नव्हती. आत्याबाईंनी तो अपमान घरी आल्यावर आल्यागेल्याला सांगितला, निदान चार दिवस पुरवून पुरवून.

घरी आल्यावर पोर झोपली. म्हणजे झोपलीच. सकाळी न्हाऊ-माखू झालं की झोप, धुरी दिली की झोप, पाळण्यात घातली की झोप. मी छातीला लावली की तीन-चारदा ओढायची, आणि जबडा थांबायचा. तोंडात धरून तशीच झोपायची. मी गालाला बोट लावलं की आणखी एकदा ओढायची, जणू माझी समजूत काढायला, आणि पुन्हा गप्प. इकडे दूध उतरलेलं. छाती दगडासारखी कडक, हात लावला तरी जीव जाईल अशी. झंपर भिजून चिकटायचा. दूध होतं, पोर होती, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

"आत्याबाई, ही पीत नाही हो नीट."

"पोट भरलं की पोर झोपतं. तुला काय कळतंय? पहिलटकरीण तू."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्या तोंड उघडायच्या आत मला ऐकू यायचं. त्यांना माझ्या प्रत्येक शंकेचं उत्तर माहीत होतं, आणि ते उत्तर म्हणजे मी मूर्ख आहे.

नवरा आसनगावकडच्या एका कंपनीत होता. संध्याकाळी यायचा, हातपाय धुवायचा, पाळण्याची दोरी दोनदा ओढायचा आणि बाप झाल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन जेवायला बसायचा. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "नशीब समज. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एकाचं पोर इतकं रडतं की तो कामावर येऊन झोपतो." हे त्यानं खरोखर मला धीर देण्यासाठी सांगितलं होतं. त्याच्याकडे धीर देण्यासाठी एवढंच होतं.

मग मी लंगोट बघायला लागले. दोरीवर वाळत घालायला लंगोटच नव्हते. शेजारणीच्या दारात बघावं तर तिच्या नातवाचे लंगोट तोरणासारखे लटकलेले, आणि आमच्याकडे दिवसाकाठी दोन-तीन. आणि एका लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा लालसर डाग. आत्याबाईंना दाखवला. त्यांनी तो उन्हाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, "उष्णता. तू डिंकाचा लाडू जास्त खाल्लास."

त्याच सुमाराला तिचा रंग बदलला. आधी चेहरा, मग छाती पिवळसर झाली. दारात नेऊन उजेडात बघितलं तर डोळ्यांचं पांढरंही हळदीत बुडवल्यासारखं. मी घाबरले. आत्याबाई खूश झाल्या.

"रंग उजळतोय गो पोरीचा! आमच्या घराण्यावर गेली. गोरी व्हनार."

त्या दिवशी आलेल्या दोन बायकांनीही मान डोलावून ती गोरी होणार हे मान्य केलं. पोरीच्या अंगात कावीळ चढत होती आणि तीन मोठ्या, अनुभवी बायका तिच्या लग्नाची सोय झाल्यासारख्या हसत होत्या. माणसाला किती वर्षं आंधळं राहता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पोरं वाढवली म्हणजे पोरं बघितली असं नसतं.

मी नवऱ्याला म्हटलं, उद्या शहापूरला दवाखान्यात न्यायची. आत्याबाई म्हणाल्या, सोयर फिटल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. सासरे आढ्याकडे बघत बसले. नवरा म्हणाला, "दोन दिवस बघू या." मी म्हणाले, "तू बघ. मी निघाले." सकाळी मी कानाला फडकं बांधून पोरीला उचललं तेव्हा तो शर्टाची बटणं लावत मागून आला. गावात बघणारे होते म्हणून आला, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

शहापूरची डॉक्टरीण तोंडाची फटकळ होती. तिनं पोरीच्या कपाळावर बोट दाबून बघितलं, पापणी वर करून बघितली, आणि लंगोट किती होतात विचारलं. मी सांगितलं. नवरा मध्येच म्हणाला, "पण मॅडम, ती एकदम शांत आहे. अजिबात त्रास नाही."

"शांत नाही," ती म्हणाली. "रडायला अंगात ताकद नाही तिच्या."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला मनातून बरं वाटलं.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू? बारावी शिकलीस ना? पोर पीत नाही तर उठवायला कळत नाही?" मी म्हटलं, उठत नाही. "ही अशी गुंडाळल्यावर मी पण उठणार नाही," असं म्हणून तिनं पोरीचं सगळं सोडायला सुरुवात केली. दुपटं, त्याखाली दुसरं दुपटं, टोपरं, झबलं, पायमोजे. सगळं आत्याबाईंचं बांधकाम. उघडी पोर टेबलावर ठेवली आणि तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी, जरा जोरात. पोरीनं पाय आखडला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडली. दवाखान्यातून घरी आणल्यापासूनचं ते पहिलं खरं रडणं.

"अहो मॅडम, हळू," नवरा म्हणाला.

"हे असं," डॉक्टरीण माझ्याशी बोलत होती. त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. "ती मागेल तेव्हा नाही पाजायचं. तू उठवशील तेव्हा. दिवसा, रात्री, दर दोन-अडीच तासांनी. ओढायची थांबली की छाती हातानं दाब, दूध तोंडात येऊ दे. तरी झोपली तर दुसऱ्या बाजूला घे. राहिलेलं वाटीत पिळ आणि चमच्यानं घाल." रक्त तपासलं. कावीळ होती, पण दवाखान्यात ठेवण्याइतकी नव्हती. दोन दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं, आणि त्याआधी पोर अजून मलूल झाली तर त्याच पावली निघून यायला. तिची बोलण्याची पद्धत मला आवडली नाही. पण त्या आठवड्यात मला भेटलेल्यांत तिनंच पोरीकडे बघितलं होतं, घराण्याच्या रंगाकडे नाही.

घरी येऊन मी कामाला लागले. सोपं नव्हतं. पोरीचे सगळे कपडे काढायचे, नुसत्या लंगोटावर माझ्या उघड्या छातीशी धरायची, वरून लुगड्याचा पदर. ओल्या फडक्यानं तळवे पुसायचे, मानेमागे पुसायचं. उभी धरून पाठ चोळायची. डोळे किलकिले झाले की लावायची. घशात घुटका वाजतोय का ते कान देऊन ऐकायचं. वाजेना की छाती दाबायची. पुन्हा दोन घुटके. मग बाजू बदलायची, मध्ये लंगोट बदलायचा, कारण लंगोट सोडला की ती चिडायची आणि चिडली की जागी व्हायची. शेवटी वाटीत पिळून चमचा-चमचा ओठांच्या कडेनं सोडायचं. हे संपेपर्यंत माझे हात भरून यायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघायच्या.

"कसायाच्या हाती तरी बरी व्हती पोर. निजलेल्या लेकराला कोन पानी लावतं गो?"

शेजारी बातमी गेली. बाळंतीण पोराला टिचक्या मारते. एक म्हातारी खास बघायला आली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "शिकलेल्या पोरी अशाच. माया नाय." मी पदर सावरायचीही तसदी घेतली नाही. बघायचं ते बघा.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरणीनं बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाली. कावीळ चढली नव्हती. लंगोट वाढले होते, लाल डाग गेला होता. पण एक गोष्ट मला जुळत नव्हती. पहाटेला पोर चांगली प्यायची. आताशा हळूहळू स्वतःहून चुळबुळ करायची. आणि सकाळी न्हाणं झालं की पुन्हा तीच गत. दुपारभर कापडाच्या बाहुलीसारखी. उचलावं तर हात खाली लोंबायचे, तळव्यावर टिचकी मारली तरी नुसतं तोंड हलायचं. मला वाटलं, कढत पाण्यानं दमत असेल. मी पाणी कोमट करायला लावलं. फरक पडला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी न्हाणं झाल्यावर मला बाजेवर शेगडीच्या शेकाला निजवून आत्याबाई पोरीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, रोजच्यासारख्या. मला तहान लागली होती. पाणी प्यायला म्हणून मी उठले आणि दारात थांबले. पोर त्यांच्या मांडीवर होती, आणि त्या सहाणेवर जायफळ उगाळत होत्या. गुटीत जायफळाचा एखादा वळसा देतात, हे मलाही ठाऊक होतं. या वळसे देतच होत्या. सहाणेवर दाट लेप झाला होता, आणि सगळ्या स्वयंपाकघराला जायफळाचा वास.

"आत्याबाई, हे जायफळ किती?"

त्या दचकल्या नाहीत. दचकायला आपण काही वावगं करतोय असं वाटावं लागतं.

"लागतं तेवढं. पोराला नीज नको? दिसभर तू तिला छळतेस. मी हाय म्हनून दुपारी तरी डोळा लागतो लेकराला."

"म्हणजे मी तिला उठवायचं आणि तुम्ही तिला झोपवायचं?"

"आमी असंच वाढवलं सगळ्यांना. तुज्या नवऱ्याला पन ह्याच सहाणेवर."

मी ओटीकडे बघितलं. नवरा भिंतीला टेकून झोपला होता. तोंड उघडं.

मी पोरीला त्यांच्या मांडीवरून उचललं. सहाण उचलून मोरीत नेली आणि घासून धुतली. फडक्यातली जायफळं परसातल्या शेणाच्या ढिगावर फेकली. आत्याबाईंनी हंबरडा फोडला तेव्हा सासरे धावत आले, नवरा डोळे चोळत आला, आणि दोघांनी आधी विचारलं ते आत्याबाईंना: काय झालं? पोरीला काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

आत्याबाईंनी अन्न सोडलं. म्हणजे पानावर बसायचं सोडलं. दुपारी चूल निवल्यावर त्या डब्यातले डिंकाचे लाडू खायच्या हे मला माहीत होतं, ते माझेच लाडू होते. दोन दिवसांवर बारसं आलेलं. कसाऱ्याहून माणसं येणार, नाव आत्याबाईच ठेवणार. नवरा माझ्याजवळ येऊन बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मोठ्या आहेत त्या. बारशापर्यंत देऊ दे ना त्यांना गुटी. नावापुरती. मग त्या जातील."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला पोरीचा जीव नको होता असं नाही. त्याला फक्त घरात आवाज नको होता. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, आणि हा माणूस कुठपर्यंत जाईल आणि कुठे थांबेल हे मला त्या एका वाक्यात पुरतं कळलं. भांडण करावंसं सुद्धा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. आत्याबाई ओरडल्या, बारशाच्या तोंडावर घर सोडतेस, लोक काय म्हणतील. नवरा कामावर गेला होता. थांबता आलं असतं, थांबला नाही. सासरे उठले, छत्री घेतली आणि माझी पिशवी उचलली. शहापूरच्या स्टँडपर्यंत ते माझ्याबरोबर आले. मला मुरबाडच्या एसटीत जागा बघून दिली. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "आक्काला मी काय बोलू?" मी म्हटलं, "काही बोलू नका. सवय आहे तुम्हाला." त्यांनी पिशवी उचलली याचे उपकार मी मानले. आदर वाटला नाही.

एसटीत मी पदराआड पोरीचं झबलं काढलं आणि तळवे घासत बसले. मुरबाडला गाडी बदलून वैशाखऱ्याला पोचेपर्यंत ती दोनदा प्यायली.

आई प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बाजेवर होती. मला बघून आधी रडली, मग घाबरली. "मला उठता येत नाय गो. मी काय करू तुझं?"

"उठू नको. हिचे तळवे घास."

आईला यातलं काही कळत नव्हतं. "आमच्या पोरांना असं कधी उठवाया लागलं नाय," हे ती रोज म्हणायची, आणि पोर ओरडली की तिच्याही डोळ्यांत पाणी यायचं. "नको गो, रडते ती." मी म्हणायची, रडू दे. आणि ती घासायची. रडत रडत घासायची, पण मी सांगितलं ते करायची, तेवढंच मला हवं होतं. वहिनी आम्हा दोघींचं खाणंपिणं बघायची. गुटी बंद. जायफळ बंद. दिवसभर फक्त पाजणं. मुरबाडच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काविळीचा उतार आहे म्हणून सांगितलं.

दोन-तीन दिवसांत तिच्या दुपारीसुद्धा जाग्या झाल्या. आणि एका संध्याकाळी मी ओट्यावर वेणी घालत बसले होते, तर आतून आवाज आला. कुणी टिचकी मारली नव्हती, कुणी दुपटं सोडलं नव्हतं. ती आपलीआप उठली होती आणि भुकेनं, संतापानं, गळा फाडून ओरडत होती. आई बाजेवरून हाका मारत होती, "अगो ये, अगो ही बघ!" मी अर्धी वेणी तशीच टाकून धावले. छातीला लावली तर एवढ्या जोरानं ओढली की मी ओरडले. आम्ही दोघी मायलेकी हसत सुटलो. पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या काट्यावर टाकली तर वजन चांगलं चढलेलं.

रविवारी नवरा आला. दारात चपला काढत होता तेव्हाच पोरीनं सूर लावला. तो थबकला. "ही अशी का रडते? काही दुखतंय का?"

"भूक लागलीय."

"एवढी?"

बारसं आम्ही तिथंच केलं, चार माणसांत. नाव मी ठेवलं.

आत्याबाईंनी पुढे कसाऱ्यापासून शहापूरपर्यंत सगळ्या नात्यात सांगितलं, की पोर हातची गेली होती, आपल्या गुटीनं वाचली. एका लग्नात माझ्यादेखत मुलीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "ही माज्या हातची." मुलगी तेव्हा शाळेत जात होती. बायकांनी कौतुकानं माना हलवल्या. मी बोलले नाही. माझ्या नवऱ्याला वाटलं मी मोठ्या मनानं सोडून दिलं. मन वगैरे काही नव्हतं. ज्या माणसाला आपण मोजत नाही त्याच्याशी वाद घालायला तोंड उचलत नाही.

दोन हजारनंतर धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊबाईंना दिवस गेले. त्यांची आई नव्हती. जेवताना सासरे म्हणाले, "बाळंतपणाला आक्काला निरोप धाडू."

"नको," मी म्हटलं. "मी करते."

"पण आक्काला काय वाटेल?" नवरा म्हणाला.

जाऊबाईंनी पानावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांना आणखी भात वाढला. त्यांना मुलगा झाला, तोही पहिले दिवस झोपाळू. मी त्याचं टोपरं काढलं, झबलं काढलं, आणि जाऊबाईंना म्हटलं, "तळव्याला टिचकी मारा. घाबरू नका, जोरात."